प्रतापच्या रायफलचा झीरो

प्रतापची रायफल नेम धरत नाही हे अर्लने सांगितलं तेव्हा मला आनंद झाला. वाईट वाटल्याचं खोटं कशाला लिहू? तोंडाने मी "अरेरे, असं कसं झालं" वगैरे म्हणालो आणि मनात म्हणालो, बरं झालं, जिरली. प्रतापची जिरली की अर्लची, एवढा विचार तेव्हा केला नव्हता. दोघांची जिरली असती तरी मला चाललं असतं.

अर्ल डॉबिन्स आमच्या समोरच्या घरात राहतो. तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि सगळा जन्म लेथ मशीनवर गेलेला. आम्ही टेक्ससमध्ये अर्विंगला घर घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझं गवत कापायचं मशीन बंद पडलं. मी मॅन्युअल घेऊन अंगणात बसलो होतो. अर्ल रस्ता ओलांडून आला, मॅन्युअल माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, "एका वेळी एकच गोष्ट बदल, मग बघ." मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. हेच वाक्य मी ऑफिसात रोज चार जणांना ऐकवत होतो आणि एकही ऐकत नव्हता. त्यामुळे हा म्हातारा मला त्याच दिवशी आवडला.

पुढच्या पाच वर्षांत त्याने मला काय काय शिकवलं. दारं तासायला, गाडीचे ब्रेक बदलायला, आणि सरतेशेवटी नेम धरायला. आमच्या नागपूरच्या घरात झुरळ मारायचं तरी बाबांना हाक मारावी लागायची, आणि मी इथे टेक्ससमध्ये दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जायला लागलो. लानो गावाजवळ अर्लने आणि त्याच्या पाच मित्रांनी मिळून शिकारीसाठी एक रान भाड्याने घेतलेलं आहे. तिथला नियम असा की प्रत्येकाने बरोबर एकच पाहुणा आणायचा. चार वर्षं अर्लचा पाहुणा मी होतो. आमच्या इथल्या मराठी मंडळात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, कारण मी ती सगळ्यांना सांगितली होती.

प्रतापची आणि अर्लची ओळख मीच करून दिली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात तो असा. प्रताप ठाण्याचा, एकोणतीस वर्षांचा, आमच्याच ऑफिसात, एच-वन व्हिसावर नवीन आलेला. सोज्वळ मुलगा आहे म्हणून शरयू त्याला दर शनिवारी जेवायला बोलवायची. शरयू म्हणजे माझी बायको. एका शनिवारी जेवण झाल्यावर मी मोठेपणाने त्याला समोर घेऊन गेलो. तो दारातच अर्लला "काका" म्हणाला. अर्लने अर्थ विचारला. वडिलांचा भाऊ, असं कळल्यावर तो म्हातारा आठवडाभर खुशीत होता. मी पाच वर्षं त्याला मिस्टर डॉबिन्स म्हणत होतो. आणि गंमत बघा, माझं लांबलचक नाव त्याला कधीच गुरूच्या पुढे झेपलं नाही, पण "प्रताप" मात्र तो अगदी ठाण्यात जन्मल्यासारखा म्हणायचा.

अर्लच्या धाकट्या भावाची, रॉयची, एक जुनी रायफल होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता अर्लने स्वतः कोरून बसवलेला. रॉय वारल्यापासून ती कपाटात होती. दर जानेवारीत मी ती बाहेर काढून पुसायचो, नळी साफ करायचो, लाकडाला तेल लावायचो आणि परत ठेवायचो. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन करायचो.

दोन हजार पाचच्या सप्टेंबरमध्ये एका रविवारी मी अर्लच्या छताच्या पन्हळीतली पानं काढत शिडीवर उभा होतो. खाली ड्राइव्हवेमध्ये अर्ल आणि प्रताप बोलत होते. अर्ल आत गेला, रॉयची रायफल घेऊन आला आणि प्रतापच्या हातात दिली. प्रतापने ती दोन्ही हातांनी घेतली आणि वाकून अर्लच्या पायाला हात लावला. मी वरून सगळं बघितलं. पानांचा एक ओला गोळा माझ्या हातात होता, तो मी बराच वेळ हातातच धरून ठेवला.

मी खाली उतरल्यावर अर्ल म्हणाला, "यंदा प्रतापला नेतो, गुरू. तू चार वर्षं आलास."

"ऑफ कोर्स," मी म्हणालो.

घरी येऊन मी एवढंच सांगितलं की यंदा दिवाळीनंतरच्या शनिवारी मी मंडळाच्या कार्यक्रमाला मोकळा आहे. शरयूने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सवत आली का घरात?" मी त्या दिवशी तिच्याशी बोललो नाही.

आता बिघाडाचं सांगतो. रायफलवर स्कोप म्हणजे दुर्बीण बसवलेली असते. दुर्बिणीत जिथे फुली दिसते तिथेच गोळी लागावी अशी ती जुळवायची, याला झीरो करणं म्हणतात. प्रतापने ऑक्टोबरच्या सुरुवातीला रायफल छान झीरो केली होती. मी बघायला गेलो नव्हतो, पण अर्लने मला ती टार्गेटं दाखवायला मुद्दाम घरी बोलावलं. आणि महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ती बिघडली. पहिली गोळी मधोमध, दुसरी इंचभर वर, तिसरी तीन-चार इंच उजवीकडे. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा पहिली मधोमध.

अर्लच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. खांद्याला धक्का बसेल असं काहीही करायला डॉक्टरने मनाई केली होती. यंदा तो नुसता बरोबर बसणार होता, गोळी झाडणार होता तो पाहुणाच. म्हणून त्याने मला बोलावलं. प्रतापही तिथेच होता.

"गुरू, ही तू बघ," अर्ल म्हणाला. "तीन नोव्हेंबरच्या गुरुवारपर्यंत मला शंभर यार्डांवर तीन इंचांत तीन गोळ्या पाहिजेत. जिच्यावर भरवसा नाही ती बंदूक मी जनावरासमोर नेणार नाही. जखमी हरीण लंगडत गेलेलं मी एकदा बघितलंय, पुन्हा बघायचं नाही. झाली तर प्रताप येईल. नाही झाली तर तू तुझी घेऊन चल."

म्हणजे बघा. मी दुरुस्त केली तर प्रताप जाणार, नाही केली तर मी जाणार, आणि दुरुस्त करायची मीच. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकला असता तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं.

टेस्टर माणूस आधी एकच प्रश्न विचारतो, तोच मी प्रतापला विचारला. "बरोबर होती तेव्हापासून आत्तापर्यंत काय काय बदललं?"

"काहीच नाही दादा. सेम बुलेट्स, सेम स्कोप. केसमध्येच होती, मी टचसुद्धा केली नाही."

"नीट आठव."

"खरंच, यार. काहीच नाही."

मी वहीत लिहिलं: बदल नाही.

त्या रविवारी मी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेलो. आधी मी स्कोप धरून ठेवणारे स्क्रू तपासले, कारण शंभरातल्या ऐंशी वेळा रोग तिथे असतो. घट्ट होते. प्रतापने ते मोजून आवळलेले होते आणि त्याचाही मला राग आला. मग माझ्या रायफलचा स्कोप काढून हिच्यावर चढवला. तिसरी गोळी गेलीच उजवीकडे. म्हणजे स्कोप निर्दोष. गोळ्यांचा दुसरा डबा उघडला, तेच. प्रताप घाबरून खांदा हलवत असेल अशी मला मनापासून आशा होती, पण गोळ्या मी झाडत होतो आणि त्या माझ्याही हातून तशाच जात होत्या. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, तीन गोळ्या, नळी गार होईपर्यंत थांबायचं, टार्गेटवर तारीख घालायची. दोन दिवस गेले त्यात, एक त्या रविवारचा आणि एक पुढच्या शनिवारचा. खांदा सुजला. आणि एक सांगतो, त्या दोन दिवसांत मी प्रतापला विसरलो. बग सापडत नाही तेव्हा मला दुसरं काही सुचत नाही, हा माझा स्वभाव आहे.

रविवारी सकाळी गॅरेजमध्ये टेबलावर रायफल उलटी ठेवली. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये बारीक फट असते. नळी लाकडाला कुठे टेकता कामा नये, कारण ती तापली की फुगते, आणि टेकत असली तर वाकते. ती फट तपासायची युक्ती अर्लनेच मला शिकवलेली. एक डॉलरची नोट पुढून फटीत सरकवायची आणि मागे नेत जायची. मी सरकवली. सुळकन गेली, गेली आणि मागच्या टोकापासून वीतभर अलीकडे अडली. दुसऱ्या बाजूने घातली, तिथेच अडली.

दस्त्याचे दोन स्क्रू काढून नळी उचलली. लाकडाच्या खाचेत, अगदी तळाशी, तांदळाचे तीन दाणे चिकटून बसले होते. लाल.

अक्षता.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा होते. शस्त्रं कसली, दोन लॅपटॉप, मिक्सर, गाडीच्या किल्ल्या, पाने-पक्कड, शरयूचं शिलाई मशीन. गेली चार वर्षं त्यात माझी रायफल असते. यंदा शरयूने प्रतापलाही बोलावलं होतं, आणि येताना तुझीही आण म्हणून सांगितलं होतं. तो ती घेऊन आला. पाटावर दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्या रायफलवर मी चिमटीने दोन दाणे वाहिले आणि पूजा झाल्यावर ती लगेच पुसून घेतली. त्याच्या रायफलवर मात्र ओल्या कुंकवात कालवलेल्या मूठभर अक्षता मी लांबूनच टाकल्या. टाकल्या कसल्या, फेकल्या. जा एकदाची, अशा मनाने. प्रताप हात जोडून उभा होता. तेच दाणे फटीतून आत घरंगळले, ओले होते ते फुगले आणि वाळून दगडासारखे बसले.

आणि मी विचारलं होतं, काय बदललं? तो म्हणाला काही नाही, आणि मीही लिहून मोकळा झालो. दोघांनाही पूजा आठवली नाही. पूजेने काही बदलतं असं आपल्या डोक्यातच येत नाही.

तेवढ्यात शरयू चकलीचा सोऱ्या घेऊन गॅरेजमध्ये आली. झाकण घट्ट बसलं होतं. "जरा उघडून द्या. सापडलं का काही?"

मी वही उचलून त्या दाण्यांवर ठेवली. "नाही," मी म्हणालो, आणि सोऱ्या उघडून दिला.

माझं वागणं बिघडलं ते तिथे. तोपर्यंत मी फक्त मनातून वाईट होतो.

दुपारी दाणे कागदाच्या पुडीत बांधून मी रेंजवर गेलो. रायफल जोडली, तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एकमेकांना लागून, वाटीच्या बुडाखाली झाकली जातील इतक्या जवळ. मी न थांबता आणखी तीन झाडल्या. नळी तापली होती, तरी तिथेच. इतकी सुरेख रायफल मी हातात धरली नव्हती. माझी कॅटलॉगमधून मागवलेली महागडी रायफल तिच्यापुढे पाणी भरेल. चार वर्षं दर जानेवारीत मी हिला तेल लावलं आणि ही अशी चालते हे मला आत्ता कळत होतं, ते सुद्धा दुसऱ्याची म्हणून.

पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या दारात बसून मी पुन्हा दोन स्क्रू काढले. बोट जिभेला लावलं, एकेक दाणा उचलला आणि होता तिथेच परत बसवला. पूजेच्या अक्षता मी उष्ट्या बोटाने लावत होतो, हे मला कळत होतं. माझ्या आईने ते बघितलं असतं तर माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं. मग पुन्हा रेंजवर जाऊन तीन गोळ्या झाडल्या. तिसरी गेली उजवीकडे, साडेतीन इंच. बग जसाच्या तसा परत आला. काम चोख झाल्याचं समाधानही वाटलं, ते लिहायला मला लाज वाटते.

चांगलं टार्गेट फाडून टाकायला हवं होतं. मी ते घडी करून खिशात ठेवलं.

लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. गुरुवारी भाऊबीज होती. संध्याकाळी पाच वाजता अर्लच्या गॅरेजमध्ये मी वही आणि टार्गेटांचा गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. प्रताप ऑफिसातून तडक आला होता, गळ्यात बॅज तसाच.

"नाही सापडलं," मी म्हणालो.

अर्लने वही उघडली. प्रत्येक पान वाचलं, प्रत्येक टार्गेट उजेडाकडे धरून बघितलं. नवा डोळा बारीक करून बघत होता. मला वाटलं आता काहीतरी विचारेल. त्याने वही मिटली.

"प्रताप," तो म्हणाला, "या माणसाला मी पाच वर्षं बघतोय. हा शोधायला बसला की सापडतं. याला सापडलं नाही म्हणजे लाकूडच आतून गेलं असणार. मला दिसत असतं तरी मी याच्यापुढे गेलो नसतो." मग त्याने रायफल घेतली, बोल्ट ओढून बाहेर काढला आणि शर्टच्या खिशात टाकला. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. "हिच्यातून आता कुणी गोळी झाडायची नाही. भिंतीवर लावून ठेवतो. रॉयबरोबर तीही संपली."

प्रताप रायफलकडे बघत होता. "ओके काका," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "दादा, तुम्ही दिवाळीत दोन वीकेंड घातलेत हिच्यावर. मला तर गिल्टी वाटतंय यार. सॅटर्डेला तुम्ही मस्त जाऊन या." आणि तो गेला.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. जागा मिळाली, रायफल त्याच्याकडून गेली, आणि अर्ल माझ्याबद्दल काय समजतो ते त्याच्याच तोंडून प्रतापच्या समोर ऐकायला मिळालं. पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य अर्लने उच्चारलं होतं, आणि ते माझ्या खोटेपणावर उभं होतं. मला तिथे उभं राहवेना आणि निघताही येईना.

"मिस्टर डॉबिन्स," मी विचारलं, "ती तुम्ही त्याला का दिलीत?"

"काय, रायफल?" अर्लला प्रश्नाचं नवल वाटलं. "त्याने मागितली."

"मागितली?"

"म्हणाला, काका, ही वापरात नसेल तर मला द्याल का? मी दिली. तू कधी काही मागितलं नाहीस, गुरू. मी दोनदा तुझ्यासमोर ती कपाटातून काढली. तू पुसलीस आणि परत ठेवलीस. मला वाटलं तुला नकोय. तुझी नवी आहे."

दोनदा. मला दोन्ही वेळा आठवल्या. दोन्ही वेळा मी "खूप छान आहे" म्हणालो होतो आणि वाट बघत उभा राहिलो होतो. आमच्या घरात मागणं हे हलकेपणाचं. कुणी आणून दिलं तरी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. अर्ल बिचारा तिसऱ्यांदापर्यंत आलाच नाही.

मी खिशातून ते टार्गेट काढलं आणि त्याच्यासमोर उलगडलं. "हे रविवारचं आहे," मी म्हणालो. "दस्ता उघडा."

अर्लने स्क्रू काढले. खाचेत बोट घातलं आणि एक दाणा नखाने सुटा केला. तळहातावर घेऊन बघितला. मी सगळं सांगितलं. दसरा, पूजा, तांदूळ, कुंकू, हे आम्ही का करतो, मग गॅरेज, मग रेंज. पार्किंगमधलंही सांगितलं. माझं संपल्यावर त्याने बाकीचे दोन दाणे काढले आणि तिन्ही माझ्या वहीवर ठेवले.

"पहिल्यांदा पडले ते आशीर्वादाचे," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा कशाचे?"

त्याने खिशातून बोल्ट काढून परत रायफलमध्ये बसवला.

"त्याला तू सांग. आजच. मी सांगणार नाही."

प्रताप दहा मिनिटांवर एका अपार्टमेंटमध्ये राहत होता. मी गेलो तेव्हा तो फोनवर ठाण्याला बहिणीशी बोलत होता, भाऊबीज म्हणून. त्याने फोन ठेवला. मी दारातच उभ्याने सांगितलं. बसून सांगायची माझी लायकी नव्हती. मध्ये एकदा त्याने हसल्यासारखं केलं, बहुतेक मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं असावं. मग त्याचा चेहरा सरळ झाला.

"दसऱ्याला मी तुमच्या पाया पडलो होतो, दादा," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा पण तुमच्या मनात हेच होतं?"

"हो," मी म्हणालो.

"तुम्हाला जायचं होतं तर मला सांगायचं ना. मी काकांना नाही म्हटलं असतं. मला काय माहीत?" त्याने दाराची कडी उगाच खालीवर केली. "ठीक आहे. सांगितलंत ते बरं केलंत." चहा घेणार का, असं त्याने विचारलं नाही. प्रताप चहा न विचारता कुणाला सोडत नाही.

घरी शरयूला सांगितलं. सवतीची चेष्टा तिने पुन्हा केली नाही. ती म्हणाली, "माझ्या पूजेतल्या अक्षता होत्या त्या," आणि आत निघून गेली.

शुक्रवारी सकाळी प्रतापने रेंजवर तीन गोळ्या अर्लला दाखवल्या. मला बोलावलं नव्हतं. दुपारी दोन वाजता अर्लची पिकअप ड्राइव्हवेमध्ये निघायच्या तयारीत उभी होती. गाडी प्रताप चालवणार होता, कारण अर्लचा डोळा. मी चिवड्याचा डबा घेऊन रस्ता ओलांडला. शरयूनेच भरून दिला होता, प्रतापसाठी, असं बजावून. प्रतापने खिडकीतून तो घेतला.

"वहिनींना थँक्स सांगा," तो म्हणाला. मला काही म्हणाला नाही.

मागच्या सीटवर रायफलची केस दिसत होती. मला वाटलं होतं, सगळं सांगून टाकल्यावर निदान आतली आग तरी जाईल. कसची जाते. त्या दोघांना शेजारी शेजारी बसलेलं बघून मला पन्हळीवरच्या दिवसाइतकाच त्रास होत होता. फरक एवढाच की आता तक्रार करायची सोय नव्हती.

मी पलीकडे जाऊन अर्लच्या खिडकीशी उभा राहिलो. चाळीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"मिस्टर डॉबिन्स, पुढच्या वर्षी मी येऊ का?"

अर्लने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण पूर्वीसारखंही नाही. "पुढच्या वर्षी मी तिथल्या सहा जणांतली माझी जागा याच्या नावावर करतोय," तो म्हणाला. "माझ्याच्याने आता होत नाही. पाहुणा कोण न्यायचा ते तोच ठरवेल. त्याला विचार."

मी गाडीच्या पुढून वळसा घालून परत प्रतापच्या बाजूला आलो. त्याने सगळं ऐकलं होतं. तो समोर बघत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"प्रताप," मी म्हणालो, "पुढच्या वर्षी मी येऊ का तुझ्याबरोबर?"

त्याने गाडी सुरू केली. सीटबेल्ट ओढून लावला, आरसा नीट केला.

"बघू, दादा," तो म्हणाला.

मी जन्मभर लोकांना 'बघू' म्हणत आलोय. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पिकअप मागे येऊन रस्त्याला लागली, अर्ल काहीतरी बोलला आणि प्रताप हसला. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत मी तिथेच उभा होतो, आणि मला अजूनही त्याच गाडीत बसायचं होतं.